इंदूरमधलं 'फॅटी लिव्हर प्रोफाइल': पान भरगच्च, कामाचे आकडे तीनच

रामबागेजवळच्या एका लॅबच्या या पॅकेजमध्ये ओळी पुष्कळ आहेत, पण कामाचे आकडे तीनच: एसजीओटी, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी). फॅटी लिव्हर म्हणजे यकृतात साठलेली चरबी, ती दिसते सोनोग्राफीत. एसजीपीटी नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं. रक्तावरून अंदाज बांधायचा तो फायब्रोसिसचा, म्हणजे यकृत व्रण धरून कडक होतंय का याचा. त्यासाठीचा एफआयबी-४ स्कोअर मात्र रिपोर्टात छापतच नाहीत!

हिशेब मोबाइलवर होतो. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार वर. खाली हजारातले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९५ लाख असतील, तर वर २४९६, खाली १९५ गुणिले ८ म्हणजे १५६०, उत्तर १.६. स्कोअर १.३ च्या खाली असला तर पुढे गेलेला फायब्रोसिस बहुधा नाही. २.६७ च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा. मधे अडकला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी. पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत या स्कोअरवर विसंबू नये.

घोळ होतो तो प्लेटलेट मोजायला रक्त घेतात त्या जांभळ्या झाकणाच्या नळीत. रक्त घेतल्याबरोबर ती आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची असते. इथे सकाळच्या गर्दीत ती तशीच स्टँडला लागते. प्लेटलेटचे पुंजके झाले की मशीनला ते नीट मोजता येत नाहीत. वरच्याच माणसाचे प्लेटलेट १.१० लाख आले, तर स्कोअर २.८४, धडधाकट माणसाची झोप उडायची! प्लेटलेटचा आकडा अचानक घसरला तर स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा तपासणी. रक्त ओढताना लाल पेशी फुटल्या तर एसजीओटी उगाच चढतं. आदल्या दिवशीच्या दणकून व्यायामानेही.

रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, सुई टोचणाऱ्या ताईंचा हात हलका. उपाशी राहण्याच्या सूचना मात्र अर्धवट. ट्रायग्लिसराइडसाठी (रक्तातली एक चरबी) १०-१२ तास पोट रिकामं लागतं; रात्री अकराला सराफ्यात गराडू-रबडी हाणून सकाळी सातला रक्त दिलं, तर तो आकडा धरू नका.

पॅकेजपेक्षा एलएफटी (यकृताच्या तपासण्या), सीबीसी (प्लेटलेटसकट रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) सुटे मागा. एसजीपीटी वाढलेलं असेल तर हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासायलाच हवेत. इतक्या ओळींच्या पॅकेजात नेमके तेच नाहीत.