चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी पैसे मोजले

मुंबईतल्या एका दुकानदारानं माझ्यासमोर अडीच इंची स्टेनलेस स्टीलच्या गजावर चुंबक ठेवलं. ते घसरून लादीवर पडलं. "बघा नाखवा, अस्सल 316. लोखंड असतं तर चिकटून बसलं असतं." 316 म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारी स्टेनलेसची जात. तेवढ्या एका खात्रीवर मी त्या गजाचा माझ्या बोटीच्या पंख्यासाठी शाफ्ट बनवून घेतला. ही जुलैची गोष्ट. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हर्णैच्या पश्चिमेला 20 वाव पाण्यात माझ्या बोटीच्या इंजिनखोलीत गुडघाभर पाणी होतं आणि बोटीवर सात माणसं होती.

सातही जण घरी आले. पण पुढच्या जूनमध्ये पुन्हा पावसाळी मासेमारीची बंदी लागेल, बोटी वर ओढल्या जातील आणि कोणीतरी असाच शाफ्ट घ्यायला निघेल. त्याच्या हाती हे आधी पडावं म्हणून लिहितोय.

ज्यांच्या घरी बोट नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट बोटीच्या मागच्या अंगातून आरपार जातो. म्हणजे पाण्याच्या पातळीखाली मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं आणि त्यात मिनिटाला शेकडो फेरे घेणारा गज असतो. भोकाच्या आतल्या तोंडाला पाणी अडवणारा ग्लँड. त्यात चौकोनी विणीची दोरी, म्हणजे पॅकिंग, शाफ्टभोवती चार-पाच कड्यांत बसवतात आणि नट आवळून दाबतात. बाहेरच्या तोंडाला, पंख्याच्या अलीकडे, रबर बुश. बाहेरून पितळी नळी, आत रबराचं अस्तर आणि रबराला लांबीच्या दिशेनं खाचा. याला ग्रीस नाही, तेल नाही. खाचांतून वाहणारं समुद्राचं पाणी हेच त्याचं वंगण. वाळूचा कण शिरला तर रबर दबतं, कण लोळत खाचेत जातो आणि पाण्याबरोबर निघून जातो. शाफ्टचे हादरेही हेच रबर सोसतं.

आमच्याकडे माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले एक मिस्त्रीकाका आहेत. रबर येण्याआधी मोठ्या जहाजांना इथे लिग्नम व्हिटी नावाच्या अतिशय कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवायचे, असं ते सांगतात. इंग्लंडच्या जॉन पेननं 1854 साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी पितळेच्या बेअरिंगा काही दिवसांतच झिजायच्या आणि मागून पाणी शिरायचं. दीडशेहून जास्त वर्षं माणसं या एका भोकाशी झगडतायत, आणि मी त्याच भोकासाठी नेलेला माल न तपासता घेतला.

जूनमध्ये बोट वर घेतली तेव्हा जुना शाफ्ट बुशाच्या जागी झिजून बारीक झाला होता. त्याच आठवड्यात बंदरावर एक एजंट फिरत होता. गोड बोलणारा, आमच्या सोसायटीतल्या दोन-चार जणांची नावं पाठ असलेला. त्याच्याबरोबर मी मुंबईला दुकानात गेलो. 10 फुटांचा गज साधारण 77 किलो भरला. किलोला 420 रुपये दर, लेथचे 6,000, रबर बुश 9,500 आणि "इंपोर्टेड ग्रॅफाइट पॅकिंग" 2,800. सगळे मिळून 50,640 रुपये. निम्मे आगाऊ दिले.

माल पंधरा जुलैला मिळणार होता. मग वीस झाली, मग "लेथवाला गावी गेलाय", मग "टेम्पो पावसात अडकलाय". नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले तेव्हा शाफ्ट दारात आला. ही दिरंगाई मला तेव्हा नेहमीची वाटली. आता खात्री आहे की तो धंद्याचाच भाग होता. खलाशी गावावरून आलेले, त्यांना उचल दिलेली, बर्फ-डिझेलची जुळवाजुळव झालेली, शेजारच्या बोटी रंगून तयार. अशा वेळी माल तपासायला कोण पाठवतो? आलेला शाफ्ट कोणीही त्या दिवशीच बसवणार, हे पाठवणाऱ्याला माहीत असतं.

मिस्त्रीकाकांनी बुश हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "याला टायरचा वास येतोय रे. बिल बघू." बिल म्हणजे एक कच्ची पावती होती. तिच्यावर "एस. एस. शाफ्ट 1 नग, बुश 1 नग" एवढंच. सोबत टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स, त्यावर 316 छापलेलं, खाली सही-शिक्का. काकांनी शाफ्टची दोन्ही टोकं चष्मा वर करून पाहिली. "सर्टिफिकेटवर हीट नंबर आहे. गजावर कुठे आहे?" हीट नंबर म्हणजे स्टीलच्या त्या वितळणीचा नंबर, कागदावर आणि गजावर एकच हवा. गजावर कुठलाच नंबर नव्हता. मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "लेथवर टोक कापलं, त्यात नंबर गेला." मला ते पटलं. खरं तर काकांना पटलं नव्हतं, पण चार दिवस राहिलेत म्हणून मीच "बसवून टाका" म्हटलं.

पहिला महिना बरा गेला. मग ग्लँड जास्त गळायला लागला. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण दुकानदाराचा दुसरा फसवा शब्द इथेच होता. तो म्हणाला होता, "या पॅकिंगनं थेंबसुद्धा येणार नाही." दोरीच्या पॅकिंगचा ग्लँड बोट चालू असताना थोडा गळायलाच हवा. मिनिटाला काही थेंब. त्या पाण्यानंच पॅकिंग थंड आणि ओलं राहतं. तो कोरडा करायला आवळला की पॅकिंग जळतं, कडक होतं आणि फिरता शाफ्ट कानशीसारखा घासून काढतं. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, अनुभवी माणूस, पण त्यालाही मीच सांगून ठेवलं होतं की हे नवीन पॅकिंग आहे, गळणार नाही. गळलं की तो बिचारा अर्धा फेरा आवळायचा. दोन दिवसांनी पुन्हा गळायचं, पुन्हा अर्धा फेरा. नोव्हेंबरात त्यानं सांगितलं, "शेठ, ग्लँडला हात ठेववत नाही." त्या फेरीनंतर बघू, म्हणून मी ती एक फेरी जाऊ दिली.

त्या रात्री जाळं ओढत असताना मागून धडधड सुरू झाली. बुशातलं रबर पितळी नळीपासून सुटून गोळा झालं होतं. आधार गेल्यावर शाफ्ट जागेवर हेलकावायला लागला आणि ग्लँडमधलं उरलंसुरलं पॅकिंग बाहेर फेकलं गेलं. तांडेलानं इंजिन बंद केलं म्हणून बोट वाचली. फिरणं थांबल्यावर खलाशांनी जुन्या जाळ्याच्या चिंध्या ग्रीसमध्ये बुडवून शाफ्टभोवती कोंबल्या आणि बॅटरीवरच्या पंपानं पाणी काढत राहिले. वायरलेसवर हाक गेली. आमच्याच बंदरातल्या एका बोटीनं आपली मासेमारी सोडून दोर टाकला आणि सकाळी आंजर्ल्याच्या खाडीत आणून सोडलं. त्या नाखव्यानं डिझेलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

शाफ्ट बाहेर काढला तो दिवस मी विसरणार नाही. मधला उघडा भाग अजून चकचकीत होता, हात फिरवला तर गुळगुळीत. पण जिथे पॅकिंग बसत होतं तिथे आणि बुशाच्या आत जो भाग होता तिथे वाळवी लागल्यासारखी भोकं. काहींत टाचणीचं डोकं मावेल, काहींत ज्वारीचा दाणा. काकांनी समजावलं तेव्हा कळलं. स्टेनलेस स्टीलवर एक पातळ थर असतो, तोच त्याला गंजू देत नाही. तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. वाहत्या पाण्यात तो मिळतो. पॅकिंगखाली, बुशाच्या आत पाणी कोंडून राहतं, ऑक्सिजन संपतो, थर फाटतो आणि खारं पाणी तिथेच खोल खात जातं. म्हणून तर 316 घ्यायचं. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते या खाण्याला बराच अटकाव करतं. वर ग्रॅफाइटचं पॅकिंग. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस एकमेकांना लागून राहिले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात स्टील खाल्लं जातं. म्हणजे ते पॅकिंग अस्सल असतं तरी माझ्या शाफ्टला वाईटच होतं. अस्सलही नव्हतं म्हणा. दोरी उसवून पाहिली तर वरून काळी, आत पांढरं सूत.

माझा भाचा कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहे. त्याच्याकडे शाफ्टचा चार बोटांचा तुकडा पाठवला. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, निकाल आला: निकेल 4 टक्क्यांच्या आसपास, मँगनीज 9 च्या जवळ, मॉलिब्डेनम नावालासुद्धा नाही. 316 मध्ये निकेल 10 टक्क्यांच्या वर असतं. भाचा म्हणाला, "मामा, हे 202 आहे. जिन्याच्या रेलिंगला लावतात ते." बाजारात चौकशी केली तर त्याचा दर मी दिलेल्या दराच्या निम्म्याहूनही कमी होता.

आणि चुंबक? 202 ला चिकटत नाही, 304 ला चिकटत नाही, 316 लाही चिकटत नाही. तिन्ही त्या बाबतीत सारखीच. चुंबक घसरलं याचा अर्थ एवढाच की तो गज साधं लोखंड नाही. दुकानदारानं खोटं काही दाखवलंच नव्हतं. खऱ्या गोष्टीतून खोटा अर्थ काढून दिला होता, आणि ही लबाडी जास्त वाईट, कारण माणूस आपल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून निर्धास्त होतो.

गंमत अशी नाही, चीड आणणारी गोष्ट अशी, की ज्या वस्तूवर चुंबक लावायला हवं होतं तिथे कोणी लावलंच नाही. बुशाच्या "पितळी" नळीवर काकांनी नंतर चुंबक धरलं. टचकन चिकटलं. लोखंडी पाइपवर पिवळा मुलामा होता. रबराचा एक तुकडा डिझेलच्या वाटीत रात्रभर ठेवला, सकाळी तो फुगून मऊ पडला होता आणि चिमटीनं तुटत होता. बुशाला तेल-डिझेल सोसणारं नायट्राइल रबर लागतं. बोटीच्या मागे पाण्यावर डिझेलचा तवंग तर रोजचाच.

दुकानदाराकडे गेलो. आधी म्हणाला, तुमच्या माणसानं ग्लँड जास्त आवळला. ते खरंच होतं, पण आवळायला लावलं ते त्याच्याच शब्दानं. मग म्हणाला, इंजिनची लाइन चुकली असेल, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतील. आम्ही बोट पाण्यात सोडल्यावर दोन दिवसांनी इंजिन-शाफ्टचा सांधा, म्हणजे कपलिंग, उघडून फट मोजायच्या फीलर गेजनं चारी बाजूंनी मोजलं होतं, कारण लाकडी बोट जमिनीवर एका आकारात बसते आणि पाण्यात दुसऱ्या. मग म्हणाला, झिंक लावलं नसेल. झिंक म्हणजे शाफ्टऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा. त्याचे फोटो दाखवले. शेवटी त्यानं ती पावती माझ्यापुढे केली आणि विचारलं, "यात 316 कुठे लिहिलंय?"

तिथे मी गप्प झालो. सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर त्याच्या दुकानाचं नावही नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न पक्क्या बिलाचा विचारला. ओळखीच्या वकिलानं सांगितलं की पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याची खरेदी ग्राहक कायद्यात बसू शकते, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण काय विकलं हेच कागदावर नसेल तर लढायचं कशावर? 50,640 रुपये गेले ते गेलेच. भर हंगामात बोट वर घ्यायचा खर्च, नवा शाफ्ट आणि 19 दिवस बंद मासेमारी, हे वेगळं.

दुसरा शाफ्ट घेतला तेव्हा पक्क्या बिलावर "316, अडीच इंच" आणि हीट नंबर लिहून घेतला. तोच नंबर गजाच्या टोकावर ठोकलेला पाहिला. लेथवर टोक कापण्याआधी नंबर पुढे ठोकून घेतला आणि त्याचा फोटो काढला. कापलेली चकती भाच्याकडे पाठवली, निकाल येईपर्यंत उरलेले पैसे दिले नाहीत. चकती पाठवायची सोय नसेल तर मॉलिब्डेनम ओळखायचं द्रावण मिळतं, स्टीलवर एक थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की रंगावरून कळतं. दुकानदाराला "आधी थेंब टाकून बघू" एवढं नुसतं म्हणून पाहा. खरा माल असलेला माणूस रागावत नाही. बुश शाफ्टच्या जाडीच्या चौपट लांबीचा घेतला, म्हणजे 10 इंची, नळीला चुंबक लावून. पॅकिंग साधंच, चरबी मुरवलेलं तागाचं. काकांनी प्रत्येक कडं वेगळं कापून, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे फिरवून बसवलं. दोरी स्प्रिंगसारखी सलग गुंडाळणारा मिस्त्री भेटला तर त्याला तिथेच थांबवा, पाणी त्या वाटेनं गोल फिरत सरळ आत येतं.

आता ग्लँड गळतो. तांडेल दर फेरीला हाताचा पंजा त्यावर ठेवतो, कोमट लागला तर ठीक. थेंब मोजून वहीत लिहितो. कालच्या फेरीला मिनिटाला सहा.

जुन्या शाफ्टचा भोकं पडलेला तुकडा मी ठेवून दिलाय. हर्णैला लिलावाच्या वेळी संध्याकाळी आलात आणि या हंगामात तुम्हाला शाफ्ट घ्यायचा असेल, तर बंदरावर कोणालाही विचारा, ते माझ्याकडे पाठवतील. तुकडा हातात घेऊन बघा, हवा तर दुकानात दाखवायला घेऊन जा. शेजारी चुंबकही ठेवलंय.