जर्मन पदवर्णने इंग्रजीत आणताना: एका यंत्रानुवाद सेवेचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी जर्मन कंपन्यांची पदवर्णने इंग्रजीत आणण्यासाठी एक सशुल्क यंत्रानुवाद सेवा वापरत आहे. मूळ मजकूर जर्मनीतल्या मनुष्यबळ विभागांकडून येतो आणि माझा इंग्रजी मसुदा पुण्यातल्या उमेदवारांच्या हाती पडतो. नोकरी स्वीकारायची की नाही हे त्यांना त्यावरूनच ठरवायचे असते. त्यामुळे अधिकार, जबाबदारी आणि कामाचे तास नेमके उतरले का, हीच माझी कसोटी आहे.

वाक्यरचनेबद्दल माझी तक्रार नाही. क्रियापद शेवटी ठेवणारी लांबलचक जर्मन वाक्ये ही सेवा सहज उलगडते आणि माझा निम्मा वेळ वाचवते.

पदनामे मात्र जपून तपासावी लागतात. 'झाखबेआर्बायटर'साठी ती बहुधा 'क्लार्क' सुचवते. प्रत्यक्षात हा कर्मचारी नेमून दिलेल्या विषयाची प्रकरणे बऱ्याच अंशी स्वतःच्या जबाबदारीवर निकाली काढतो, आणि 'क्लार्क' हा शब्द वाचून अनुभवी उमेदवार अर्जच करत नाही. मी विभाग पाहून 'क्लेम्स हँडलर' किंवा 'परचेसिंग ऑफिसर' असे लिहिते. 'प्रोकुरिस्ट'साठी मिळणारा 'ऑथराइज्ड सिग्नेटरी' हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रोकुरिस्टकडे असलेला प्रोकुरा हा कंपनीच्या वतीने व्यवहार करण्याचा, जर्मन व्यापार संहितेने ठरवून दिलेला अधिकार आहे. त्याची व्यापार नोंदवहीत नोंद होते, त्याची व्याप्ती कंपनीने आतल्या आत कमी केली तरी ती मर्यादा बाहेरच्या पक्षांना बंधनकारक नसते, आणि जमीन विकण्यासाठी मात्र वेगळी परवानगी लागते. म्हणून मी मूळ शब्द तसाच ठेवून पुढे एक वाक्य स्पष्टीकरणाचे देते.

सर्वांत गंभीर दोष मला तिसऱ्या महिन्यात, एका रुग्णालयातील पदाच्या वर्णनात आढळला. 'बेराइटशाफ्ट्सडीन्स्ट' आणि 'रूफबेराइटशाफ्ट' या दोन्ही शब्दांसाठी सेवेने 'ऑन-कॉल ड्यूटी' असेच लिहिले होते. पहिल्यात कर्मचाऱ्याला मालकाने ठरवलेल्या ठिकाणी थांबावे लागते, आणि 2004 पासून जर्मन कायद्यानुसार तो सगळा वेळ कामाचा वेळ धरला जातो. दुसऱ्यात तो घरी राहू शकतो, फक्त संपर्कात असावा लागतो, आणि सामान्यतः प्रत्यक्ष बोलावल्यानंतरचे तासच कामाचे गणले जातात. आठवड्याचे तास आणि विश्रांती या दोन्हींचा हिशेब या फरकावर अवलंबून असतो. घरदार सोडून परदेशी जाणाऱ्या परिचारिकेपासून तो लपून राहणे मला मान्य नाही.

स्वतःची शब्दसूची जोडण्याची सोय ही या सेवेची खरी ताकद आहे. एकदा नोंद केली की 'बेट्रीब्सराट' (कर्मचाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी मंडळ) प्रत्येक ठिकाणी 'वर्क्स कौन्सिल' असाच उतरतो. पण सूचीला संदर्भ कळत नाही: 'रेफरंट' मंत्रालयात धोरणविषयक अधिकारी असतो, तर प्रशिक्षणवर्गात व्याख्याता. असे शब्द मी सूचीतून काढून टाकले. 'लायटर' हा शब्द लिंगानुसार विभागप्रमुखही असतो आणि शिडीही. तक्त्यात तो लिंग दाखवणाऱ्या आर्टिकलशिवाय येतो, म्हणून तिथे माझी नजर असतेच.

वर्गणी मी पुढच्या वर्षासाठी भरली आहे. कामाच्या तासांचा परिच्छेद मात्र मी आता सेवेला देत नाही. तो मूळ जर्मनवरून स्वतःच करते.