हिंदी चित्रपटातील रॉक आणि बँडचे रॉक: खरे कशाला मानावे?

‘रॉकस्टार’ चित्रपटातील ‘सड्डा हक’ हे गाणे मनापासून आवडणाऱ्या श्रोत्याला आपण रॉक ऐकतो असे म्हणावे की नाही हे ठरवायचे असेल, तर त्याने केवळ गिटारच्या आवाजावर विसंबू नये. तो आवाज हिंदी चित्रपटाने फार पूर्वीच आपलासा केला आहे. १९६५ च्या ‘गुमनाम’मधील ‘जान पहचान हो’ या गाण्यात पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्स हा खराखुरा बँड दिसतो, पण चाल शंकर-जयकिशन यांची आणि गळा मोहम्मद रफींचा आहे.

खरा फरक गाणे घडते कसे यात आहे. बँडमधले चार-पाच जण एकत्र बसून एखाद्या रिफभोवती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीभोवती, गाणे उभे करतात आणि बेस गिटार व ड्रम हा त्या गाण्याचा कणा असतो. चित्रपटात दिग्दर्शक प्रसंग सांगतो, संगीतकार चाल बांधतो, गीतकार शब्द देतो, संयोजक वाद्ये भरतो आणि गायक बहुधा शेवटी येतो. त्यामुळे मुखडा-अंतऱ्याची जुनी बांधणी कायम राहते आणि गिटार मधल्या जागा भरण्यापुरती उरते. मी यासाठी एक साधी कसोटी वापरतो: गाणे नुसत्या पेटीवर वाजवून पाहावे. रॉक म्हणून खपणारी बहुतेक चित्रपटगीते पेटीवर जशीच्या तशी उभी राहतात, म्हणजेच रॉक हा त्यांचा केवळ पेहराव असतो.

‘रॉकस्टार’मधील (२०११) ‘सड्डा हक’ मात्र पेटीवर टिकत नाही. ए. आर. रहमान यांच्या या रचनेत ओरिआंथी यांची गिटार काढली, तर मोहित चौहान यांच्या आवाजातील आरोळीला टेकायला काही उरत नाही. हा संताप गायकाचा नसून कथेतील पात्राचा आहे, म्हणून ते खरे रॉक नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मुळीच पटत नाही, कारण द हू या बँडने १९६९ साली ‘टॉमी’ हा अख्खा अल्बम एका काल्पनिक मुलाच्या कथेवर रचला आणि त्याच्या रॉक असण्याविषयी कोणी शंका घेत नाही.

‘रॉक ऑन’ची (२००८) बाजू थोडी वेगळी आहे. शंकर-एहसान-लॉय या त्रयीतील एहसान नूरानी स्वतः गिटारवादक आहेत, आणि नायकाची गाणी फरहान अख्तर यांनी स्वतःच गायल्यामुळे पडद्यावरचा गायक आणि ऐकू येणारा गळा एकच आहे. संगीत सौम्य आहे. त्याला पॉप-रॉक म्हणणे योग्य ठरेल.

‘ब्लॅक फ्रायडे’पाशी तर ही विभागणीच कोलमडते. १९९० साली दिल्लीत स्थापन झालेल्या इंडियन ओशन या बँडने त्या चित्रपटाला संगीत दिले आणि पीयूष मिश्रा यांच्या शब्दांचे ‘बंदे’ आपल्याच पद्धतीने घडवले.

म्हणून प्रश्न केवळ नाव देण्याचा असेल, तर ‘सड्डा हक’ आणि ‘बंदे’ निःसंकोच रॉकमध्ये धरावीत, ‘रॉक ऑन’ काठावर ठेवावा आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना चांगली चित्रपटगीते म्हणावे. त्यात त्यांचा कोणताही कमीपणा नाही. परंतु रॉक जाणून घ्यायचे असेल, तर बँडचे पूर्ण अल्बमच निवडावेत, कारण प्रसंगाच्या लांबीत बसण्याचे बंधन नसल्यामुळे तिथे वादकांना एखादी कल्पना शेवटपर्यंत नेता येते. मुंबईचा रॉक मशीन हा बँड, म्हणजेच पुढचा इंडस क्रीड, इंग्रजीत गातो. तो थोडा नंतर ऐकला तरी चालेल. ‘बंदे’ आवडलेल्या श्रोत्याने आधी इंडियन ओशनचा ‘कंदिसा’ (२०००) हा अल्बम घ्यावा आणि पहिल्या वेळी शब्दांमागे न धावता राहुल राम यांच्या बेसकडे कान द्यावा.