टिकीसाठी ओंडका: तडा गेलेला ओक घ्यावा की मऊ गाभ्याचा पाम?

फ्लोरिडात वादळ होऊन गेलं की रस्त्याकडेला कापलेल्या झाडांचे ढीग लागतात, आणि ज्याला अंगणात टिकी, म्हणजे पॉलिनेशियन धर्तीची लाकडी मूर्ती, कोरायचीय त्याला दोनच फुकटचे ओंडके हमखास दिसतात, ओक नाहीतर पाम, आणि दोन्हीत काहीतरी खोट असतेच. मी दोन्हीवर काम केलंय म्हणून सांगतो, खोट किती मोठी ते नंतर बघा, ती मूर्तीच्या कुठल्या भागात येणार ते आधी बघा. पॉलिनेशियात, म्हणजे हवाईसारख्या पॅसिफिक बेटांवर, डोकं सगळ्यात पवित्र, माना म्हणजे दैवी शक्ती तिथे असते असं मानतात, म्हणूनच टिकीचं डोकं एवढं मोठं. धडधाकट लाकूड डोक्याला गेलंच पाहिजे.

ओकचा प्रॉब्लेम तडा. लाकूड सुकताना घेराच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं, त्यामुळे अख्खा गोल ओंडका कुठेतरी फाटणारच, तुमचा फाटलाय म्हणजे टाकाऊ आहे असं नाही. मोठा तडा एकच असेल तर तो पाठीला घ्या, आणि लाकूड ओलं असतानाच तिथे चेनसॉने गाभ्यापर्यंत उभा काप द्या, बराचसा ताण तिथेच सुटतो आणि चेहरा वाचतो. चारी बाजूंनी तडे असतील तर सोडून द्या, कसाही फिरवला तरी एखादा नाकावर येणार. आणि तड्यात इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा गोंद, भरायची घाई नको. मी पहिल्या ओंडक्यात लगेच भरलं, आत लाकूड ओलंच होतं, काही महिन्यांत भरलेल्या जागेच्या शेजारीच नवीन भेग पडली आणि ती गालावरून गेली, फार वाईट वाटलं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, कडक इपॉक्सी त्याच्याबरोबर हलत नाही. पाठीवरचा तडा आता मी उघडाच ठेवतो.

पामचं गणितच वेगळं. त्याला वर्षाची वलयं नसतात, आपल्या माडासारखंच, कडेला धागे दाट आणि मधे विरळ. माडाचं बाहेरचं लाकूड घनमीटरला 600 किलोच्या वर जातं, मधलं 400च्याही खाली. म्हणून गाभा मऊ लागला तर घाबरू नका, तो तसाच असतो, फक्त तोंड आणि डोळे फार खोल नेऊ नका, आत पटाशी स्पंजमधे गेल्यासारखी जाते, कड धरतच नाही. ओकसारखे उभे तडे इथे सहसा त्रास देत नाहीत. मात्र पाममधे सिलिका असते, धार पटापट जाते, कानस जवळ ठेवा.

पामची खरी खोट म्हणजे गॅनोडर्मा बुरशी. ती बुंध्याचा खालचा चारपाच फूट भाग आतून कुजवते, बाहेर कधीकधी फळीसारखी बुरशी फुटलेली दिसते, कधी काहीच दिसत नाही. बरेच जण पाम उलटा उभा करून मुळांचे केस करतात, दिसतं सुंदर, पण हा रोग असेल तर कुजका भाग नेमका डोक्यात जातो. अशा झाडाचा वरचाच तुकडा मागा, मुळांच्या केसांचा नाद सोडा.

पहिलीच टिकी, हाताशी चारच पटाश्या, तर पाम घ्या आणि ओला असतानाच कोरा. ती उघड्यावर पावसात फार वर्षं टिकणार नाही, हे मान्य करूनच. पोर्चखाली छपराच्या आत कायमची ठेवायची असेल आणि सुकायला वेळ देणार असाल तर ओक, कष्ट दुप्पट पण चेहरा धारदार उतरतो. दोन्हीच्या कापलेल्या टोकांना त्याच दिवशी मेण लावा, खाली दगड किंवा विटा द्या, लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कूज लागत नाही.

चेहरा मात्र स्वतःच्या कल्पनेतला काढा. हवाईचा कू हा तिथल्या लोकांचा देव आहे, बारच्या शोभेसाठी त्याची नक्कल मला पटत नाही.

ओंडका गाडीत टाकण्याआधी हातोडीने वरपासून खालपर्यंत ठोकत जा. ओकमधे जिथे आवाज बद्द येईल तिथे खडूने खूण करा, पाममधे बद्द आवाज फक्त बुंध्याकडच्या टोकाला येत असेल तर तेवढा भाग तिथेच कापून टाकायला सांगा.