ड्रम स्मोकर आणि खान्देशी रान (म्हणजे बोकडाची मांडी), नाशिकमधून रिव्ह्यू

अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रमचा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायचं साधन, बनवून घेतलाय, वर्ष होत आलं, आता नीट लिहिता येईल म्हणून लिहितेय. २०० लिटरचा ड्रम, तळाला कोळशाची टोपली, वर दोन जाळ्या, हवेसाठी खाली झडपा आणि झाकणावर एक, सगळं धरून आठ हजारांत पडला. आधीच सांगते, पैसे वसूल.

माझं सासर जळगावकडचं, त्यामुळे आमच्याकडे धूर काही नवीन नाही. भरताची वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवरच भाजायची, काळ्या मसाल्याचा कांदा आणि खोबरं थेट विस्तवात, गॅसवरचं भरीत आमच्या सासूबाई ओळखतात आणि बाजूला सारतात. त्यामुळे मटण धुरावर करायचं म्हटल्यावर घरात कोणी नाक मुरडलं नाही, आईंनी एवढंच विचारलं, "लाकूड कोणतं घेणार गं?" आणि खरं सांगू का, मशीन कोणतं घ्यायचं यापेक्षा हाच प्रश्न मोठा आहे.

नाशिककरांनो, आपल्याकडे द्राक्षाचं लाकूड आहे! नणंदेच्या सासरी निफाडला बाग आहे, जुनी बाग काढली तेव्हाची खोडं आणली, साल तासून काढली आणि गच्चीवर उन्हात पार खडखडीत वाळवली. छाटणीच्या ताज्या काड्या मी वापरत नाही कारण एक तर ओल्या आणि त्यात बोर्डो वगैरेच्या फवारण्या झालेल्या असतात. मुख्य आच बाभळीच्या कोळशाची, तो वखारीत मिळतो, आणि त्यावर द्राक्षाचे दोन-तीन तुकडे, बास. आंबा आणि पेरूचं लाकूडही छान. कडुनिंब नको, कडू होतं. आणि एमआयडीसीत पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या फुकट मिळतात त्या तर अजिबात नको, बहुतेक पाईनच्या असतात, राळेचा धूर मटणात उतरतो आणि लाकडावर काय मारलंय ते कोणाला माहीत. धूर निळसर, विरळ दिसला की मटण आत ठेवायचं, पांढरा दाट लोट येत असेल तर थांबायचं, तो धूर कडवट असतो.

आता स्मोकर कसा चालतो ते. ११० ते १२० डिग्रीवर तो तासन् तास धरून ठेवतो, खालची झडप बोटभर उघडी-बंद करायची एवढंच काम. पण झाकणावरच्या तापमानाच्या काट्यावर जाऊ नका, तो वरची हवा मोजतो, जाळीवर वेगळंच असतं, म्हणून मटणात खुपसायचा प्रोब थर्मामीटर वेगळा घ्याच. चिकन आतून ७४ डिग्री झालंच पाहिजे, इथे अंदाजपंचे नाही चालत.

रान करताना आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण आणि अर्धाच काळा मसाला लावते, उरलेला मसाला रश्श्यात. आपलं बोकडाचं मटण चरबीला कमी, डुकराच्या मांसासारखं स्वतःच्या तुपात शिजत नाही, म्हणून वरून तेल चोळायला लागतं. मटणाच्या आत ७० डिग्रीच्या आसपास प्रोबचा आकडा अडकतो आणि तास-दीड तास हलतच नाही, मटणातलं पाणी वाफ होऊन उडत असतं त्याने ते थंड राहतं, घामाने आपलं अंग गार होतं ना तसं. तेव्हा आच वाढवायची नाही. रान केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळायची, ९० च्या वर गेली की हाडापासून मांस आपोआप सुटतं, फॉइलमधला रस सगळा रश्श्यात ओतायचा. दोन किलोची रान म्हणजे पाच-सहा तास धरा. सोबत कळण्याची भाकरी.

कापल्यावर कडेला बोटभर आत गुलाबी पट्टा दिसतो. आईंनी तो तुकडा उजेडात धरून बघितला, म्हणाल्या, "कच्चं राहिलं का गं हे?" कच्चं नसतं, लाकूड जळताना निघणारे वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला धरतात म्हणून तो रंग टिकतो. त्यांनी खाल्ला, मग हाडाजवळचा तुकडा स्वतःहून मागून घेतला, आणि आता दिवाळीनंतर पाहुणे आले की रान त्याच सांगतात.

तक्रारी आहेत. झाकण एका बाजूने नीट बसत नव्हतं, तिथून हवा शिरून आच भडकायची, परत पाठवलं तर ठोकून दिलं पण फरक शून्य, शेवटी मीच ओव्हनच्या दाराची दोरी आणून चिकटवली. हँडल लोखंडी आहे, हात भाजतो, लाकडी मूठ सांगून बसवून घ्या. आणि बनवून घेणार असाल तर गॅल्व्हनाइज्ड पत्रा बिलकुल नको, तापल्यावर जस्ताची वाफ निघते, ड्रम केमिकलचा नसावा, आतून रंग किंवा कोटिंग नसावं, आणि आधी रिकामा ड्रम मोठा जाळ करून जाळून घ्यायचा, मग तेलाचा हात द्यायचा.

गच्ची किंवा अंगण असेल तरच घ्या, बंद बाल्कनीत कोळसा पेटवणं जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात आमचा झाकून ठेवलेला असतो, श्रावण असतोच तसाही. थंडीत कोळसा जास्त लागतो, पोतं आधीच भरून ठेवा.