वायरगार्ड आणि रिमोट डेस्कटॉप: कापसाचा अख्खा हंगाम वापरल्यावर

मांडणी अशी: जळगाव एमआयडीसीत मुख्य ऑफिस, तिथे विंडोज सर्व्हर आणि त्यावर टॅली. रावेर आणि शहाद्याच्या शाखांतली माणसं रिमोट डेस्कटॉपने त्या सर्व्हरवर काम करतात. शाखांचे राउटर जळगावच्या राउटरला वायरगार्डने (इंटरनेटवरून दोन ठिकाणं सुरक्षित जोडणारं व्हीपीएन, त्या जोडणीलाच टनेल म्हणतात) जोडलेले. ऑक्टोबरात सुरू केलं, आता मे संपत आला.

वेगाबद्दल तक्रार नाही. व्हाउचर टाकताना शाखेत बसलोय हे जाणवत नाही. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकून बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण वायरगार्ड बिघडलं की बोलत नाही, ही त्याची खोड आधीच माहीत असावी. चुकीची किल्ली, चुकीचा पत्ता, बंद पोर्ट, सगळ्यांना एकच उत्तर: शांतता. रिमोट डेस्कटॉप मात्र तीन कारणांची नेहमीची चौकट दाखवतो (रिमोट अॅक्सेस सुरू नाही, मशीन बंद आहे, नेटवर्कवर नाही) आणि शाखेतून फोन येतो, "भाऊ, सर्व्हर बंद पडी गया का?" बहुतेक वेळा सर्व्हर मजेत चालू असतो.

म्हणून सर्व्हरला हात लावायच्या आधी शाखेच्या राउटरवर पीअरचं (टनेलच्या समोरच्या टोकाचं) पान उघडायचं. बघायच्या गोष्टी तीनच: शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी किल्ल्या जुळवून एकमेकांना ओळखणं) कधी झाला, किती बाइट गेले, किती आले. वाहतूक चालू असताना हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो. तीन मिनिटांहून जुना दिसला तर टनेल तुटलंय. कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने आपोआप जाणारं छोटं पाकीट) टाकलेला नसेल तर रिकाम्या टनेलचा हँडशेक जुना दिसणारच, त्यामुळे शाखेच्या बाजूला २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह टाकून ठेवा.

सगळ्यात जास्त दिसणारं चित्र म्हणजे गेलेले बाइट दर पाचेक सेकंदांनी १४८ ने वाढतात आणि आलेले शून्यावरच. १४८ बाइट म्हणजे हँडशेकची हाक. ९२ बाइटचं उत्तर यायला हवं, ते येत नाही.

याचं पहिलं कारण जळगावच्या टोकाला. फायबरचा डबा (ओएनटी) बदलला किंवा रीसेट झाला की त्यातलं युडीपी ५१८२० (वायरगार्डचा पोर्ट) चं फॉरवर्डिंग, म्हणजे त्या पोर्टवर आलेलं राउटरकडे ढकलणं, उडतं. डबा ब्रिज मोडमध्ये (डबा फक्त सिग्नल पुढे देतो, पत्ता राउटरलाच मिळतो) टाकणं उत्तम. राउटरच्या वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या (इंटरनेट कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्याच्या) मागे आहात, बाहेरून कोणी आत येणार नाही. मुख्य ऑफिसला पब्लिक आयपी मागून घ्यावाच लागतो. शाखा सीजीनॅटमागे असल्या तरी चालतं, कारण हाक त्या मारतात. आणि पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नका. ओळख पटल्याशिवाय वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चालू पोर्टही तिथे बंद दिसतो.

दुसरं कारण पत्ता बदलणं. जळगावचा आयपी डायनॅमिक (बदलता) असेल आणि एंडपॉइंटला (समोरच्या टोकाच्या पत्त्याच्या जागी) डीडीएनएसचं (बदलत्या आयपीमागे फिरणारं) नाव दिलं असेल, तरी वायरगार्ड ते नाव टनेल उठताना एकदाच विचारून घेतं. रात्री आयपी बदलला की शाखा सकाळी जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसते. टनेल बंद करून चालू केलं की जुळतं. कायमचा उपाय म्हणजे दर पाच मिनिटांनी नाव पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट, किंवा सरळ स्टॅटिक (न बदलणारा) आयपी. स्टॅटिकचे पैसे वसूल होतात.

तिसरं कारण कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि लाईट जाणाऱ्या भागात तेच जास्त छळतं. हँडशेकच्या हाकेत वेळेचा शिक्का असतो. समोरचा राउटर त्या पीअरचा आजवरचा सगळ्यात पुढचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून मागचा आला की गुपचूप फेकतो. जुनं पाकीट पकडून कोणी परत पाठवू नये, यासाठी ही सोय. पण स्वस्त राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईट गेली, आली, घड्याळ मागे पडलं, की शाखेची हाक जुनी ठरते. एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ लावणारी सोय) वेळ जुळली की मिनिटभरात सगळं सुरळीत होतं. शाखेचं सगळं इंटरनेट टनेलमधूनच फिरवलेलं असेल तर मात्र अडकलंच: टनेलशिवाय वेळ नाही, वेळेशिवाय टनेल नाही. अलाउड आयपीमध्ये (टनेलमधून कोणते पत्ते जायचे ती यादी) ०.०.०.०/० (म्हणजे सगळं) न टाकता फक्त मुख्य ऑफिसचा सबनेट (तिथल्या नेटवर्कच्या पत्त्यांचा गट) टाका, म्हणजे एनटीपी थेट बाहेर जाईल. घाईच असेल तर जळगावच्या राउटरवर तो पीअर काढून पुन्हा टाका, जुना शिक्का पुसला जातो.

यूपीएसवर राउटर ठेवतात आणि ओएनटी भिंतीवर तसाच राहतो, हेही पाहून घ्या. दोन्हींचे अॅडॉप्टर यूपीएसवर हवेत.

हँडशेक ताजा आहे आणि तरीही जोडणी होत नाही, तर शाखेच्या संगणकावर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवून ३३८९ तपासा. पिंग जातो पण पोर्ट लागत नाही, तर सर्व्हरचं नेटवर्क प्रोफाइल पब्लिक झालंय का बघा. तसं झालं की फायरवॉलचे नियम बदलतात. पिंगच जात नसेल तर दोन्हीकडे १९२.१६८.१.० हाच सबनेट आहे का ते तपासा. दोन्ही राउटर डब्यातून काढले तसे लावले की हे होतंच. प्रत्येक शाखेला वेगळा सबनेट द्या, पुढचा वैताग वाचतो. दोन लॅपटॉपवर एकच कॉन्फिग फाइल कॉपी केली असेल तर दोघं आलटून पालटून तुटतात: किल्ली एक, त्यामुळे शेवटी जो बोलला त्याचाच पत्ता जळगाव धरतं.

लॉगिन होतं आणि पडदा काळा राहतो, हे एमटीयूचं (एका पाकिटाच्या कमाल आकाराचं) लक्षण. छोटी पाकिटं जातात, मोठी अडकतात. १४२० च्या टनेलवर पिंग -एफ -एल १३९२ जायला हवं. फायबर बंद होऊन ४जी डोंगलवर आल्यावर ते जात नसेल, तर दोन्ही टोकांना एमटीयू १३८० करा, तरी अडलं तर १२८०. वेगात फरक जाणवत नाही.

फेब्रुवारीचा धक्का वेगळा. रिमोट डेस्कटॉपचा रोल (सर्व्हरवर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी विंडोजची सोय) टाकल्यापासून लायसन्सशिवाय १२० दिवसच चालतो. ऑक्टोबरात टाकला तर ऐन कापूस खरेदीत बंद. लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही असा संदेश सगळ्यांना एकदम येतो आणि लोक टनेल तपासत बसतात. अॅडमिनला एमएसटीएससी /अॅडमिन लिहून आत जाता येतं. डोमेन (सगळ्या संगणकांची एकत्रित लॉगिन व्यवस्था) नसेल तर पर डिव्हाइस (संगणकागणिक) लायसन्स घ्या. पर युजर (माणसागणिक) घेतलं तर सर्व्हर २०१९ पासून वर्कग्रुपमध्ये (डोमेन नसलेल्या मांडणीत) साठ मिनिटांनी सेशन तोडलं जातं. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

प्रिंटरचं रीडायरेक्शन (सर्व्हरवरून थेट शाखेच्या प्रिंटरवर छापणं) आठ महिन्यांनंतरही लहरीच आहे. पावत्या सर्व्हरवर पीडीएफ करून शाखेत छापणं सोपं पडतं.