गणित-विज्ञान प्रशिक्षणासाठी पैसा कुणाचा घ्यावा: केंद्राचं अनुदान की कंपनीचा सीएसआर?

गेल्या महिन्यात आटपाडीकडच्या एका संस्थेचे सचिव घरी आले होते. पिशवीत दोन कागद. एक केंद्राच्या विज्ञान योजनेच्या अर्जाचा नमुना, दुसरं एका कंपनीचं ‘आपल्या कामात आम्हाला रस आहे’ अशा अर्थाचं पत्र. म्हणाले, ‘तुम्ही दोन्ही विहिरींचं पाणी प्यायलाय. गोड कुठलं?’ चहा होईस्तोवर जे सुचलं ते सांगितलं, पण ते गेल्यावर वाटलं की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे.

आमची संस्था मिरजेतली, लहानशी. सहावी ते आठवीच्या शिक्षकांना गणित आणि विज्ञानाचं प्रशिक्षण देतो, मुख्यतः तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत तालुक्यात. शिकवतात दुसरे, हिशेब, पावत्या आणि अहवाल माझ्या गळ्यात. आधी केंद्राच्या एका विभागाचं अनुदान घेतलं, त्यानंतर दोन वर्षं एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा. दर्पण या सरकारी पोर्टलवरची संस्थेची नोंदणी, देणगीदाराला करसवलत देणारं ८०-जी, सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारं सीएसआर-१ वगैरे तुमच्याकडे झालेलं आहे असं धरून चालतो. नसेल तर हे वाचणं थांबवून आधी सीए गाठा.

पैसा हातात पडण्याचा वेग बघायचा असेल तर कंपनी पुढे, यात वादच नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. ३१ मार्चला त्यांचंही वर्ष संपतं, त्यामुळे घाई त्यांनाही असते. करारावर सह्या झाल्यापासून तीन आठवड्यांत आमच्या खात्यात पहिला हप्ता आला होता. केंद्राचं मंजुरीपत्र मात्र आषाढात आलं आणि पैसे दिवाळीचा फराळ संपल्यावर. आता शाळेचं वर्ष ज्याला माहीत आहे त्याला कळेल की दिवाळीनंतर उरतं काय. डिसेंबरात स्नेहसंमेलनं, मग शिष्यवृत्तीची तयारी, निवडणूक लागली तर शिक्षक तिकडे. पाच दिवसांचं प्रशिक्षण आम्ही तीन आणि दोन असं तोडून कसंबसं बसवलं. दुसरा हप्ता पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला असा दाखला) गेल्याशिवाय येत नाही. आमचा आला तेव्हा मूळ मुदत संपून गेली होती. मुदतवाढ मिळाली, पण तोवर प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्तींना ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असं सांगून सांगून माझीच जीभ झिजली.

आता लिंबांची गोष्ट. आम्ल-अल्कलीच्या सत्राला लिंबं लागतात, हळद लागते (सांगलीत हळदीला काय तोटा), साबण, चुना, फुगे, स्ट्रॉ, सेल, तांब्याची तार. तासगावच्या बाजारात लिंबं घेऊन बसलेल्या आजींकडून घेतली तर सगळं पन्नास रुपयांत आटोपतं. पण अनुदानाचा पैसा पीएफएमएसवरून, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन पेमेंट यंत्रणेतून जातो. ज्याला द्यायचा त्याची आधी तिथे नोंद हवी, त्याचा खाते क्रमांक हवा, आयएफएससी हवा. मग पेमेंट ॲडव्हाइस, म्हणजे पैसे देण्याचा बँकेसाठीचा आदेश, छापायची, त्यावर दोन सह्या घ्यायच्या आणि दहा दिवसांच्या आत बँकेत न्यायची, नाहीतर ती बाद. आमच्या शाखेतल्या नव्या कारकुनाने तो कागद पहिल्यांदा बघितला तेव्हा उलटून पाहिला आणि विचारलं, ‘चेक कुठाय?’ लिंबवाल्या आजींना खाते क्रमांक विचारायला मी काही गेलो नाही. पहिल्या शिबिरात लिंबं माझ्या खिशातून आली.

यावर उपाय सापडला तो मात्र कायमचा. मिरजेत एका सहकारी ग्राहक भांडारात लिंबांपासून सेलपर्यंत सगळं मिळतं, पक्कं बिल मिळतं आणि भांडाराचं बँक खातंही आहे. एकदा नोंद केली, यादी टाइप करून ठेवली. चार पैसे जास्त जातात, पण तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात नाही. सरकारी हिशेबात मला हेच आढळलं: त्रास भरपूर, पण प्रत्येक त्रास एकदाच शिकायचा. उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना ठरलेला आहे, २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला १२-ए. योजना सांभाळणारे नोडल ऑफिसर बदलले तरी तो बदलत नाही. खात्यात पडून राहिलेल्या पैशावर व्याज आलं तर तेही परत करायचं. आमचं अकराशे त्रेचाळीस रुपये होतं, भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर भरून पावती जोडली. आधी हसलो, नंतर सवय झाली. अनुदानातून घेतलेला मायक्रोस्कोप परवानगीशिवाय विकता येत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते. आता मिरजेत कुणी आमचा मायक्रोस्कोप विकत घ्यायला टपलेलं नाही, पण वही आहे.

कंपनीकडे यातलं काहीच नव्हतं. किरकोळ खर्चासाठी हातात थोडी रोकड ठेवायची मुभा, साध्या व्हाउचरवर सही, लिंबं आजींकडूनच. शिक्षकांना नाश्त्याला भडंगाबरोबर केळी द्यावीत असं एका शिबिरात वाटलं, दिली. फोन केला की उचलला जायचा. कंपनीच्या एक बाई पुण्याहून स्वतः गाडी घेऊन जतला आल्या, दिवसभर बसल्या, अपूर्णांकांच्या पट्ट्यांचे फोटो काढले आणि मनापासून कौतुक करून गेल्या. बॅनरवर त्यांचं बोधचिन्ह आमच्यापेक्षा मोठं हवं होतं, तेवढं चालायचंच. एक गोष्ट मात्र वाटाघाटीत लक्षात ठेवा. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्केच’ असं कंपन्यांची माणसं सर्रास सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभाराला आहे. प्रकल्पाचं नियोजन, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्या व्याख्येत येतच नाही. आम्हाला हे दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षी मी जवळजवळ फुकट राबलो.

इतकं सगळं असूनही माझं मन तिथून उडालं ते एका रकान्यामुळे. रकान्याचं नाव ‘लाभार्थी’.

पहिल्या तिमाहीत मी त्यात ९२ लिहिलं, कारण शिक्षक ९२ होते. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या तिमाहीत कंपनीतले साहेब बदलले आणि नवा एक्सेल तक्ता आला: लाभार्थी म्हणजे विद्यार्थी. ठीक आहे, शिक्षक शिकले तर मुलांनाच फायदा. सगळ्या ९२ शिक्षकांना फोन करून वर्गाचा पट घेतला. त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं: ‘सर, पट यू-डायसवर भरलेला आहे की.’ यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत पट भरलेला आहे खरा, पण तो शाळेचा. कोण कुठल्या वर्गाला गणित शिकवतं ते तिथून कळेना. आकडा काढून पाठवला. मग विचारणा आली की एका शाळेतले दोन शिक्षक आले असतील तर तीच मुलं दोनदा मोजली गेली का? गेली होती. पुन्हा फोन. मग मुलं-मुली वेगळ्या हव्यात. पुन्हा फोन. आणि हे सगळं पहिल्या तिमाहीपासून मागे जाऊन.

जत तालुक्यातल्या कन्नड माध्यमाच्या एका बाई चौथ्या फोनला शांतपणे म्हणाल्या, ‘सर, प्रशिक्षणाला आले तेव्हा माझ्याकडे सहावी-सातवीचं विज्ञान होतं. दिवाळीनंतर एका मॅडमची बदली झाली म्हणून मला पहिली-दुसरी दिली. तुम्हाला कुठली मुलं लिहू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्त्यातही नव्हतं. पुण्याला कंपनीत विचारलं तर ‘जी संख्या जास्त असेल ती घ्या’ असं उत्तर आलं. मी ती घेतली, आणि त्या संध्याकाळी मला स्वतःचा थोडा राग आला.

त्या आर्थिक वर्षात तक्ता एकूण तीन वेळा बदलला. कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. त्या माणसांनाही वर कुणाला तरी मोठा आकडा दाखवायचा असतो, आणि शिक्षकाचं प्रशिक्षण म्हणजे शाळेची रंगरंगोटी नव्हे, की आधीचा-नंतरचा फोटो लावला आणि झालं. कदाचित दुसऱ्या कंपनीत हे इतकं होत नसेल. माझा अनुभव एकाच कंपनीचा.

केंद्राच्या अहवालात मोजायचे ते शिक्षक-दिवस. ५ सप्टेंबरचा नव्हे. ९२ शिक्षक, पाच दिवस, म्हणजे ४६० शिक्षक-दिवस. हजेरीपत्रकावर सह्या आहेत, विषय संपला. शिक्षक नंतर बरं शिकवतो का, हे हा आकडाही सांगत नाही, हे मान्य. पण निदान सांगितल्याचा आव आणत नाही. बाकीचं आम्ही जोडपत्रात आमच्या मनाने लिहिलं. उदाहरणार्थ, मुलं ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं का म्हणतात, असं आम्ही शिबिराच्या पहिल्या दिवशी शिक्षकांना विचारतो. बरेच जण ‘लक्ष देत नाहीत’ असं लिहितात. पस्तीस चारापेक्षा मोठे, म्हणून मूल तसं म्हणतं, हे पाचव्या दिवशी किती जणांच्या उत्तरात आलं त्याची चार पानं जोडली होती. कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. प्रकल्पाचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीत एका वयस्कर प्राध्यापकांनी नेमकी तीच पानं उघडली आणि विचारलं, ‘मग ०.३५ आणि ०.३५० बद्दल मुलं काय म्हणतात?’ आम्ही ते तपासलं नव्हतं. पुढच्या शिबिरात तपासलं. दोन वर्षांच्या सीएसआरमध्ये मला गणितावर एकही प्रश्न आला नाही.

एका बाबतीत दोन्हीकडे सारखंच. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र निघाल्याशिवाय शिक्षक येत नाहीत, पैसा कुणाचाही असो. दिल्लीचं मंजुरीपत्र जोडलं की ते पत्र जरा लवकर निघतं, असं मला वाटतं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला आधीच सोबत घेतलं असेल तर हा फरकही फारसा उरत नाही.

आटपाडीच्या सचिवांना मी काय सांगायला हवं होतं? संस्था नवी असेल, गाठीला सहा-आठ महिन्यांच्या खर्चाइतके पैसे नसतील, तर मुकाट्याने कंपनीचा हात धरावा. केंद्राच्या हप्त्याची वाट बघत चांगल्या साधनव्यक्ती गमावण्यात शहाणपण नाही. फक्त करारावर सही करण्याआधी अहवालाचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडून घ्यावा, लाभार्थी म्हणजे कोण ते त्यात एका ओळीत लिहून घ्यावं, आणि वर्षाच्या मध्ये तो बदलणार नाही असंही. आम्ही तिसऱ्या वर्षासाठी हे मागितलं. ‘बघतो’ म्हणाले, ते अजून बघतायत. गाठीला थोडं असेल आणि एखादा चिकट माणूस हिशेबाला असेल, तर मी तरी कंपनीच्या पत्रावर वेळ घालवणार नाही.

आमचा यंदाचा अर्ज केंद्राकडेच गेलाय. पहिला हप्ता येईपर्यंत मानधन संस्थेच्या ठेवीतून द्यावं लागेल, असं विश्वस्तांच्या बैठकीत सांगितलं. ‘किती महिने?’ असं अध्यक्षांनी विचारलं. मी सहा म्हणालो. मनात नऊ होते.